मागची भिंत वाकडी: आमच्या सभागृहाच्या आवाजाच्या कामाच्या नोंदी

गाव सोलापूर. सभागृह एका ट्रस्टचं, आमचं संगीत मंडळ तिथे महिन्यातून एकदा बैठक भरवतं. मी मंडळाचा सहसचिव, पोटापाण्यासाठी बँकेत, आणि पेटी बरी वाजवतो असा माझा स्वतःचा समज. ध्वनिशास्त्र शिकलेलो नाही. दुसऱ्या कुणाला असंच काम काढायचं असेल तर निदान आमच्या चुका परत होऊ नयेत, म्हणून वही जशी लिहिली तशी इथे उतरवतोय.

२१ जानेवारी २०२४

गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावरची पहिली बैठक. विलंबित ख्याल ठीक गेला. द्रुतात तबल्याची तिहाई आली आणि चौथ्या रांगेतल्या काकू कानावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. मध्यंतरात म्हणाल्या, "अरे, समेवर दोन दोन थापा पडतात. एक पुढून, एक मागून. कुठल्या समेला दाद द्यायची?"

पहिल्या रांगेला काही जाणवलं नव्हतं, शेवटच्यालाही नाही. तक्रार फक्त मधल्या तीन-चार रांगांची. हा धागा मी तेव्हाच पकडायला हवा होता, पण हातून सुटला आणि पुढचे दोन महिने वाया गेले.

२८ जानेवारी

टेप घेऊन मापं काढली. स्टेजच्या मागच्या पडद्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत १८.५ मीटर, रुंदी १०.५, उंची ४.८. फरशी गुळगुळीत शहाबादी, भिंतींना ऑइल पेंट, वर सपाट स्लॅब. स्टेजसमोरची, म्हणजे श्रोत्यांच्या पाठीमागची भिंत सरळ नाही. बांधणाऱ्याला रस्त्याच्या बाजूने गोलाई हवी होती, म्हणून ती बाहेर फुगलेली. आतून पाहिलं तर उथळ परात उभी केल्यासारखी.

दोन फळ्यांना बिजागरी लावून 'फटका' बनवला. टाळीपेक्षा तो बरा, कारण दर वेळी सारखाच वाजतो. मोबाइलवर आवाज टिपला आणि ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाटेचं चित्र पाहिलं. रिकाम्या सभागृहात घुमारा विरायला साधारण २.९ सेकंद लागले. भाषणाला हे फार, तबल्यालाही फार. मधोमध फटका मारला की बाजूच्या दोन भिंतींमध्ये 'टर्रर्र' असा पत्र्यासारखा आवाज येतो, तोही नोंदवला.

निष्कर्ष काढला: घुमतंय, म्हणजे काहीतरी मऊ लावायला हवं. अर्धवट खरं होतं, आणि त्या अर्ध्यासाठी ४६ हजार गेले.

१० फेब्रुवारी

ठेकेदाराने पिरॅमिडी फोम सुचवला, रेकॉर्डिंग स्टुडिओत दिसतो तसा. ७५० चौरस फूट, ५२ रुपये दराने ३९,०००, मजुरी ७,०००. फोम बाजूच्या दोन्ही भिंतींना आणि छताला लागला. मागच्या भिंतीला नाही, कारण तिच्यावर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आणि संस्थापकांच्या तसबिरी आहेत. "पाट्यांना हात लावायचा नाही" ही ट्रस्टची एकच अट होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

२५ फेब्रुवारी

फोमनंतरची पहिली बैठक. गायक आमचे जुने स्नेही, स्पष्ट बोलणारे. पाचव्या मिनिटाला पेटीकडे झुकून मला म्हणाले, "आवाज पुढे जातच नाहीये. उशीत तोंड घालून गातोय असं वाटतंय." वरचे सूर कोरडे पडले आणि डग्गा मात्र पूर्वीपेक्षा जास्त घुमू लागला. दोन इंची फोम बारीक, उंच आवाज गिळतो. खालच्या सुरांना तो जवळपास दिसतच नाही. तराजूचं एकच पारडं हलकं केलं मी.

आणि काकू? चौथी रांग. "आता मागची थाप जास्त स्वच्छ ऐकू येते."

बरोबरच होतं. बाकीचा घुमारा कमी झाल्यावर ती उघडी पडली.

३ मार्च

रविवार. मन रमेना म्हणून आम्ही तिघे विजापूरला गेलो, सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर. गोल घुमटाच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलेलं पार समोरच्या बाजूला कानात आल्यासारखं ऐकू येतं. सी. व्ही. रामन यांनीही या सज्जाचा अभ्यास केला होता. आतून घुमटाचा व्यास सुमारे ३८ मीटर. टाळी वाजवली, परत आलेल्या सात टाळ्या मोजल्या, पुढे सहलीच्या पोरांचा दंगा सुरू झाला.

तिथे चमकलं ते एवढंच: त्या घुमटातला दगडही कडक आणि आमच्या भिंतीही कडक, पण तिथली करामत गोलाईची आहे. आतून खोलगट भिंत आवाज पसरवत नाही, गोळा करते. आणि आमच्याकडे अशी एक भिंत आहे, बरोबर गायकाच्या समोर.

परतताना गाडीत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबद्दल वाचलं. १८७१ सालची लंबगोल इमारत, वर प्रचंड घुमट. प्रतिध्वनी इतका, की आपली रचना दोनदा ऐकायची असेल तर इथे या, असा विनोद संगीतकारांत चालायचा. १९६९ साली छताखाली फायबरग्लासच्या शंभरावर तबकड्या टांगल्या, लोक त्यांना अळंबी म्हणतात, तेव्हा कुठे सुसह्य झालं. ९८ वर्षं! आमच्या भिंतीला चाळीसच झालीत.

१० मार्च

भिंत किती वाकडी ते मोजलं. दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणली, १०.५ मीटर. दोरीच्या मध्यापासून भिंत १.२ मीटर बाहेर. यावरून वर्तुळाची त्रिज्या निघते: दोरीचा वर्ग भागिले आठ पट खोली, अधिक अर्धी खोली. साधारण १२.१ मीटर.

मग फटका घेऊन भिंतीपासून १२ मीटरवर, वर्तुळाच्या केंद्रापाशी उभा राहिलो. फटका मारला आणि तो अक्षरशः माझ्याच कानशिलात परत आला. मिस्त्री दारात उभे होते. म्हणाले, "मालक, भिंत उलट बोलतीय तुम्हाला."

१७ मार्च

२५ पट लहान नमुना. एका प्लायच्या फळीवर पांढरा कागद, त्यावर सभागृहाचा आराखडा, ७४ सेंटिमीटर लांब. मागच्या भिंतीच्या जागी चकचकीत स्टीलची पट्टी उभी. गायकाच्या जागी ६० रुपयांचा खेळण्यातला लेसर, कागदाला घासून जाईल असा, म्हणजे किरणाची रेघ दिसते. दर पाच अंशांनी लेसर फिरवायचा, पट्टीवरून परतलेली रेघ पेन्सिलने काढायची.

पहिल्या दिवशी सगळं चुकलं. पट्टी हातानेच वाकवली होती, मध्ये चपटी आणि कडेला जास्त वळलेली, त्यामुळे रेघा वाटेल तिथे गेल्या. दुसऱ्या दिवशी खिळा आणि दोऱ्याने ४८.४ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस आखला, जिगसॉने प्लाय कापला, पट्टी त्याच्या काठाला चिकटवली. आता परतलेल्या रेघा एका छोट्या पट्ट्यात येऊन एकमेकींना छेदू लागल्या. मापून पाहिलं: भिंतीपासून ९.७ मीटर, म्हणजे गायकापुढे सव्वासहा मीटर.

सभागृहात जाऊन तिथे खडूने गोल काढला. चौथी रांग. काकूंची सतरंजी.

हिशेब पण जुळला. गायकाचा आवाज काकूंपर्यंत थेट ६.३ मीटर येतो. भिंतीवरून आलेला १६ अधिक ९.७, म्हणजे २५.७ मीटर चालून येतो. १९ मीटरहून जास्तीचा प्रवास, सेकंदाचा साधारण अठरावा भाग, ५५ मिलिसेकंद. पन्नासच्या आत आलं तर कान दोन्ही आवाज एकत्र धरतो, त्याहून उशीर झाला आणि जोर असला की दुसरी थाप वेगळी ऐकू येते. आमच्याकडे उशीरही आहे आणि गोळा होऊन आल्यामुळे जोरही.

त्याच कागदावर बाजूच्या भिंतींचीही रेघ काढली आणि कपाळाला हात लावला. बाजूच्या भिंतीवरून चौथ्या रांगेत येणारा आवाज थेट आवाजानंतर १७ मिलिसेकंदांतच पोचतो. एवढ्या लवकर आला की तो थेट आवाजात मिसळून त्याला भरीव करतो. व्हिएन्नाचं १८७० सालचं म्युझिकफेराइन हे संगीत सभागृह जगभर वाखाणलं जातं ते याचमुळे: बुटाच्या खोक्यासारखं लांबट आणि फक्त १९ मीटर रुंद, त्यामुळे कडेचा आवाज चटकन येतो; शिवाय बाजूंचे पुतळे आणि छताची नक्षी आवाज फोडून पसरवतात. आमच्याकडे रुंदी त्याहून कमी, म्हणजे चांगल्या भिंती फुकट मिळाल्या होत्या. मी नेमका त्यांच्यावरच फोम मारला. चांगलं ते गप्प केलं आणि वाईट ते मोकळं सोडलं.

२४ मार्च

खर्च करण्याआधी खात्री करायची असं आता ठरवलंय. (हे २८ जानेवारीला ठरवायला हवं होतं.) हार्वर्डमध्ये १८९५ साली भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वॉलेस सॅबाइनला एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम मिळालं, तेव्हा तो जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून रांगेने मांडायचा आणि घुमारा किती घटतो ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र वापरून त्याने बॉस्टनच्या १९०० सालच्या सिम्फनी हॉलच्या आवाजाचं काम केलं. त्याच्याकडे गाद्या होत्या, आमच्याकडे चादरी. सोलापुरात चादरींना काय तोटा!

सभासदांकडून चाळीस चादरी जमा केल्या. दुहेरी घड्या करून मागच्या भिंतीपुढे वीतभर अंतर सोडून दोऱ्यांवर टांगल्या. पाट्या झाकल्या गेल्या, पण एका रात्रीपुरतं कोण बघतंय. फटका मारला. चौथ्या रांगेतली दुसरी थाप जवळपास गेली. खर्च शून्य, वेळ तीन तास.

मग कायम चादरीच का नाही लावायच्या? विचार केला होता. पण डग्गा अजून घुमत होता, आणि त्यात सगळा आवाज गिळला की सभागृह आणखी मुकं होणार. आवाज मारायचा नव्हता, तो फक्त एका जागी गोळा होऊ द्यायचा नव्हता.

९ एप्रिल

पाडवा. गुढी उभारून सभागृहात गेलो तर छताचा निम्मा फोम जमिनीवर. बाहेर पारा चाळीसच्या वर, स्लॅब तव्यासारखा तापतो, रबर सोल्युशन वितळलं. इलेक्ट्रिशियनने त्यातला एक तुकडा बाहेर नेऊन काडी लावून दाखवली. कापरासारखा पेटला, वर काळा धूर. त्याच दिवशी उरलेला सगळा फोम काढला. ४६,००० रुपये पोत्यांत भरून भंगारवाल्याला दिले, त्याने २०० दिले. (फोम घ्यायचाच झाला तर आग न पसरणाराच घ्या, आणि समोर जाळून दाखवा म्हणा.)

२० एप्रिल

ट्रस्टची सभा. मुद्दा एकच: पाट्या. अण्णा, वय ८१, ट्रस्टचे सगळ्यात जुने विश्वस्त, म्हणाले, "माझ्या वडिलांचं नाव त्या भिंतीवर आहे." मी नमुन्याची फळी सोबत नेली होती. दिवे मालवून लेसर फिरवला. रेघा चौथ्या रांगेत जमा होताना अण्णांनी पाहिल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाट्या दाराबाहेर लावल्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याला जास्त दिसतील ना?" विषय संपला. हलवायला ४,५०० रुपये.

एका सभासदाने सुचवलं की भिंत पाडून मुंबईच्या टाटा थिएटरसारखा पंख्याचा आकार करू. ते नाट्यगृह १९८० सालचं, फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांचं. पंख्याच्या आकारात खूप लोकांना स्टेजजवळ बसवता येतं हे खरं. पण बाजूच्या भिंती पसरत गेल्या की कडेचा आवाज मागे फेकला जातो आणि मधल्या श्रोत्यांना कमी मिळतो; ते सांभाळायला हॅरिससारखा माणूस लागतो. आमच्याकडे मिस्त्री आणि मी.

गायकाला बाजूच्या भिंतीशी बसवून बैठक आडवी भरवायची, हाही एक पर्याय निघाला. करून पाहिला. प्रतिध्वनी गेला, पण दोन दारं श्रोत्यांच्या मधोमध आली आणि चहाचा ट्रे थेट गायकासमोरून जायला लागला. रद्द.

५ मे

उपाय: आत खोलगट असलेल्या भिंतीवर बाहेर फुगलेल्या प्लायच्या उभ्या पाठी बसवायच्या. पोटासारखी पुढे आलेली पाठ आवाज चहूकडे विखुरते. वाकणारा फ्लेक्सी प्लाय मागवला, आठ बाय चारचे ९ ताव, १,९०० ला एक. आले ते उलट्या दिशेने वाकणारे! हा प्लाय एकाच दिशेने वाकतो आणि दोन प्रकारांत मिळतो, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आम्हाला आठ फूट उभे ठेवून चार फुटांची रुंदी वाकवायची होती. परत पाठवले, चार दिवस गेले. गाडीभाडं दुकानदाराने सोडलं, हे त्याचं मोठेपण.

१२ मे

मिस्त्रींनी पहिल्या तीन पाठी बसवल्या. प्लाय फुटेल या भीतीने पोट ८ सेंटिमीटरच ठेवलं. दिसायला सुबक. फटका मारला तर त्या भागातून येणारी थाप बारीक झाली होती; पण पेटीचा खर्ज धरला की चौथ्या रांगेत तो अजून मागून यायचा.

कारण उशिरा कळलं. लांब लहरीला उथळ उंचवटा म्हणजे सपाट भिंतच. आठ सेंटिमीटरचं पोट सेकंदाला हजारच्या वरच्या कंपनांना फोडतं, तबल्याच्या चाटेला पुरतं. खालच्या स्वरांसाठी जास्त खोली हवी. पोट २० सेंटिमीटर केलं की काम चारशे-साडेचारशेपर्यंत खाली उतरतं. चार फुटांचा ताव वाकवून कडा ११२ सेंटिमीटरवर आणल्या की पोट विसाच्या आसपास येतं. तिन्ही पाठी उतरवून परत केल्या. मिस्त्री रागावले नाहीत, पण दिवसभर मला 'मालक' म्हणाले नाहीत. जादा मजुरी २,५००.

१९ मे

नऊही पाठी उभ्या. जमिनीपासून एक मीटर सोडून वर, कारण खाली बसलेले लोक स्वतःच आवाज शोषतात. छताला हात लावला नाही. तिथून लवकर येणारा आवाज हवाच आहे.

संध्याकाळी मित्राने डग्ग्यावर घिस्सा मारला आणि पाठ क्रमांक ६ मागून झांज वाजवल्यासारखी खडखडली. मधल्या आडव्या पट्टीला प्लाय टेकत होता, पण स्क्रू नव्हता. प्रत्येक टेकूवर नमद्याची पट्टी आणि वीतभर अंतराने स्क्रू. दोन दिवस गेले.

या पाठींचा एक फायदा न मागता मिळाला. पातळ प्लाय आणि मागची बंद हवा मिळून खालच्या सुरांवर स्वतः थोडं थरथरतात आणि तेवढा आवाज खातात. डग्ग्याचा घुमारा आटोक्यात आला. फोमने नेमकं हेच केलं नव्हतं.

९ जून

राहिलं होतं बाजूच्या भिंतींमधलं 'टर्रर्र'. सगळी भिंत झाकायची चूक परत नको. सव्वा मीटर चौरस लाकडी चौकटी १०, आत दोन इंची रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर), वर चादर ताणून. (रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क. मी बाह्या दुमडल्या आणि दोन दिवस खाजवत बसलो.) एका बाजूला चौकट असेल तिथे समोर उघडी भिंत, अशी आळीपाळीने मांडणी केली. कोरी भिंत कोऱ्या भिंतीसमोर जितकी कमी, तितकं टर्रर्र कमी. कडेचा चांगला आवाज बहुतेक शाबूत राहिला. चादरी मयूर नक्षीच्या निवडल्या, त्यामुळे लोकांना ती सजावट वाटते.

रिकाम्या सभागृहात घुमारा आता २.१ सेकंद.

२१ जुलै

गुरुपौर्णिमा. बाहेर भुरभुर पाऊस, आत सव्वाशे माणसं. कार्यक्रमाआधी श्रोत्यांना विचारून एक फुगा फोडला: १.२ सेकंद. फेब्रुवारीतलेच गायक बोलावले होते, मुद्दाम. षड्ज लावला, डोळे मिटले आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं पुरे.

मध्यंतरात चौथ्या रांगेत गेलो. काकूंना विचारलं, दोन थापा येतात का? "नाही रे, एकच. पण तुझ्या पेटीचा मध्य सप्तकातला गंधार चढा आहे. आधी त्या गोंधळात कळत नव्हतं."

२८ जुलै, हिशेब

फोम आणि मजुरी ४६,००० (वाया). नमुन्याची फळी, पट्टी, लेसर ६४०. पाट्या हलवणं ४,५००. फ्लेक्सी प्लाय १७,१००, चौकटीचं लाकूड ८,४००, मजुरी १३,५०० (यात पुन्हा केलेल्या कामाचे २,५०० आले), स्क्रू आणि नमदा १,६५०, रंग ३,२००. रॉकवूल चौकटी ११,५००. एकूण १,०६,४९०, वजा भंगाराचे २००. सहा महिने. चादरी आणि लेसरची फळी आधी केली असती तर साठ हजारांत आणि दीड महिन्यात झालं असतं.

बाकी: पाठ ६ पावसाळी हवेत पुन्हा किंचित कुरकुरते, दिवाळीनंतर उघडून बघणार. आणि आता सगळं शांत झाल्यावर छताच्या आठ पंख्यांची घरघर तानपुऱ्याच्या खर्जावर बसते असं लक्षात आलंय. पंखे बंद ठेवले तर जुलैतही लोक उठून जातात, मग मे महिन्याचं काय. मिस्त्रींनी मोठ्या पात्यांचे, हळू फिरणारे दोनच पंखे सुचवलेत. दर मागवलाय.